इस्त्रीची पानं

झाडं अजून हिरवीगार होती, हीच मुळात पंचाईत होती.

एरवी रस्त्यावरची झाडं पिवळी पडली, खिडकीखाली पानांचा खच साचला, की पुढच्या रविवारी त्या घरी सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं. लांबलचक टेबल, मधोमध पानांची माळ आणि प्रत्येकाच्या ताटाशी एक पिवळं-तांबडं पान. त्यावर पांढऱ्या शाईने लिहिलेलं, 'आत्या', 'काका', 'आजोबा'. पानं वाळवायचं काम आजोबांचं. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली होती. दुकान विकलं तेव्हा बाकी सगळं गेलं, पण वर चाक असलेलं एक लोखंडी यंत्र तेवढं घरी आलं. घरात त्याला 'दाब्या' म्हणत. दाब्यात पानं ठेवायची, चाक रोज अर्धा फेरा आवळायचं आणि आठवड्याने उघडायचं. मध्येच कुणी डोकावलं, तर आजोबा हातावर चापट मारायचे.

यंदा जेवण तीन आठवडे आधी ठरलं. "झाडांची वाट बघू नका," असं हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुरुवारी आजोबांच्या लेकीला, म्हणजे सुनेच्या नणंदेला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. रविवारी चार तासांसाठी आजोबांना घरी आणायचं, मग परत हॉस्पिटलात.

नणंद शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे घरातली घंटाही तिच्याच हातात. तिने फर्मान काढलं, "बाबांना कळता कामा नये. पोरांना तर नाहीच नाही. कुणी विचारलंच, तर धाकट्याला कामासाठी बाहेरगावी जायचंय, म्हणून जेवण लवकर." धाकट्या दिराने मान डोलावली. थापा मारण्यात तो लहानपणापासून वस्ताद. पंचाईत होती ती सुनेची. खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे, आणि हे आजोबांना तिच्या लग्नापासून ठाऊक होतं.

म्हणून शनिवारी दुपारी तिने टेबलावर जुनी चादर अंथरली आणि इस्त्री काढली. ताटाशी हिरवी पानं दिसली, तर बाबा पहिल्या मिनिटाला विचारतील. टेबल तरी नेहमीसारखं दिसायला हवं.

"पण आई, पानं पिकलीच नाहीयेत," थोरली म्हणाली. ती सात वर्षांची. बोलणं इतकं पोक्त की घरात सगळे तिला ठमाकाकू म्हणत. "मग जेवण आत्ताच का?"

"काका जाणार आहे ना बाहेरगावी."

"काका म्हणाला, तो कुठे जायचंय तेच विसरला."

वस्तादाने घाण करून ठेवली होती. तिने केस पुढे ओढून कान झाकले. "तू माळ ओव. कात्री जपून. आणि तो डिंक उचल, बोकोबा चाटेल."

बोकोबा म्हणजे तीन वर्षांचा धाकटा. जे दिसेल ते तोंडात. टेबलाखाली बसून तो पानांचे देठ चावत होता. तिने खाली वाकून त्याच्या तोंडातून दोन देठ काढले, तिसरा गिळला की काय म्हणून बोट घालून पाहिलं, मग इस्त्रीची वायर त्याच्यापासून लांब सरकवली. दिवसभर तिचं हेच चाललेलं असे. काय पडेल, काय भाजेल, कोण गुदमरेल. मुलांना असं काही कसं सांगावं, यावर तिने दोन दिवसांत तीन लेख वाचले होते. तिन्ही लेखांत तीन तऱ्हा.

तिने पहिलं पान दोन कागदांत धरून त्यावर इस्त्री फिरवली. पान मळकट हिरवं झालं. दुसऱ्यावर जरा जास्त वेळ ठेवली, तर उकळलेल्या पाल्यासारखा वास सुटला आणि पान थेट तपकिरी.

"अय्या! आई, तू पानगळ केलीस!" ठमाकाकू टाळ्या पिटत म्हणाली. "आजोबांना आठवडा लागतो. तुला एक मिनिट!"

आईला हसायला हवं होतं. ती पानावर टेकवलेली इस्त्री तशीच धरून उभी राहिली, आणि लेकीने हात ओढला म्हणून तिसरं पान जळता जळता वाचलं.

अकरा पानं झाली. ठमाकाकूने जीभ बाहेर काढून प्रत्येकावर नावं घातली. 'आजोबा' लिहिताना तिने सगळ्यांत मोठं पान घेतलं. बोकोबाच्या पानावर नुसता ठिपका, कारण त्याला वाचता येत नाही, मग शाई कशाला वाया घालवायची, असं तिचं म्हणणं.

रविवारी आजोबांना त्यांच्या दोन्ही मुलग्यांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं. "हळू रे, पुस्तकं नाहीत ही, हाडं आहेत," ते म्हणाले. सदरा अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसत होता. नणंद फारच मोठ्याने हसत होती. सून सूप वाढत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्या हातांकडे बघत होती.

त्या हातांनी आधी चमचा नाही उचलला. पान उचललं.

अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून त्यांनी ते चोळलं. कडेवरून नख फिरवलं, मग नाकाशी नेलं. कागद पारखताना ते असंच करत. बोकोबाच्या चमच्याचा आवाज तेवढा येत होता.

"इस्त्री केलीस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"धाकटे भाऊजी बाहेरगावी..." ती म्हणाली, आणि कान असे तापले, जणू इस्त्री तिथेच ठेवलीय.

"येताना गाडीतून झाडं पाहिली मी," आजोबा म्हणाले. "हिरवीगार आहेत." मग धाकट्याकडे वळून, "कुठे चाललास रे?"

धाकटा ताटाकडे बघत राहिला. चाळीशीचा बाप्या, त्याला एका गावाचं नाव सुचेना.

"बाबा, सूप गार होतंय," नणंद म्हणाली.

"होऊ दे." त्यांनी पान जागेवर ठेवलं, 'आजोबा' ही अक्षरं वर येतील असं. "अक्षर छान आहे हं, ठमाकाकू. जेवण झालं की चल माझ्या खोलीत. पानं खरी कशी वाळवतात, ते एकदा तुझ्या हाताने कर."

जेवले ते तीन-चार चमचेच. पण दिराची यथेच्छ थट्टा केली, नणंदेला "हजेरी घेतेस का गं सगळ्यांची?" म्हणून चिडवलं, आणि बोकोबाने तोंडातून काढून दिलेला पावाचा तुकडा खरंच खाल्ला.

नंतर खोलीत दाब्याजवळ खुर्ची लावली. ठमाकाकूने खिडकीशी आलेल्या फांदीची तीन हिरवी पानं आणली. सून दाराशी उभी होती, बोटं चेमटतील या धास्तीने.

"कागद. पान. वर कागद. शिरा सरळ कर, हां. आता चाक फिरव. बस, अर्धाच फेरा! रोज अर्धा."

"आणि उघडायचं कधी?"

"रस्त्यावरची झाडं पिवळी झाली की."

"तेव्हा तुम्ही येणार उघडायला?"

आजोबांचा हात चाकावर होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. रागाने नाही. जड काहीतरी उचलताना दुसऱ्या बाजूला कुणी हात लावतंय का, ते बघावं, तसं.

"आई उघडेल," ते म्हणाले. "तुझ्याबरोबर."

चार वाजता गाडी आली. खुर्ची जिन्यावरून खाली गेली. त्यांनी आपलं पान सदऱ्याच्या खिशात घातलं होतं. ते किंचित मोडलं, त्याचा बारीक आवाज दाराशी उभ्या असलेल्या सुनेला ऐकू आला.

ती आत आली तेव्हा ठमाकाकू दाब्यासमोर मांडी घालून बसली होती.

"आई, आजोबा का नाही उघडणार?"

नणंदेचं फर्मान तिला आठवत होतं. तिन्ही लेखही आठवत होते. तिने बोकोबाला कडेवरून उतरवलं, तो तोंडात काही घालतोय का, हे पहिल्यांदाच पाहिलं नाही, आणि लेकीच्या समोर फरशीवर बसली.

"कारण आजोबा खूप आजारी आहेत," ती म्हणाली. "बरे होणार नाहीत. झाडं पिवळी होईपर्यंत ते बहुतेक नसतील, म्हणून आपण आज जेवलो."

ठमाकाकूने खालचा ओठ दातांत धरला.

"म्हणून तू पानं इस्त्री केलीस?"

"हो."

"त्यांना कळलं."

"हो गं राणी. कळलं."

मग ती आईच्या मांडीत शिरली आणि रडली. दोघी रडल्या. बोकोबा आधी बघत राहिला, मग त्यानेही भोकाड पसरलं. बाहेर नणंद भांडी आवरत होती. तो आवाज थांबला, पण ती आत आली नाही.

खूप वेळाने मांडीतूनच नाक ओढत ठमाकाकूने विचारलं, "उद्याचा अर्धा फेरा मी फिरवू?"

"फिरव."

"तू 'बोटं सांभाळ' म्हणून ओरडणार नाहीस ना?"

"ओरडेन," आई म्हणाली. "तरी तू फिरव."