पाकीट सोडू नका

सुदर्शनने भिंतीत खिळा इतक्या जोरात ठोकला, की शेजारची सुकेशनीची फ्रेम हलली. हलू दे, पडली तरी चालेल, असं त्याच्या मनात आलं.

असं होतं तरी काय त्या फोटोत? पाठमोरी म्हातारी, पदरात खिचडीची दोन पाकिटं. चेहरा नाही की काही नाही! तरी उद्याच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर तोच. सुदर्शनचे सहा फोटो मात्र मोरीकडच्या बोळात. लॉकडाऊनमध्ये विहारातून खिचडी वाटली जायची, तेव्हा फोटो दोघांनीही काढले होते. आणि या बयेला कॅमेरा धरायला शिकवला कुणी? चार वर्षं लग्नांमध्ये त्याच्यामागे लाईट धरून फिरली होती ती. पोटात दुखत होतं त्याच्या, दुसरं काय.

त्याच्या फोटोंत सगळे आहेर दिल्यासारखे उभे होते. देणारा, घेणारा, मधे पाकीट. "पाकीट सोडू नका, इकडं बघा!" असं ओरडून तो रांग थांबवायचा.

"भाऊ, समोरच्या भिंतीवर एक फ्रेम रिकामी राहिलीय," सुकेशनी शिडीवरून म्हणाली. "काय लावायचं ते तुम्हीच ठरवा. माझे उरलेले त्या डब्यात हायेत."

त्याने पिशवीतला स्वतःचा सातवा फोटो चाचपला. तोच लावायचा, हे त्याने ठरवून टाकलं. डबा उघडला तो नुसता नावं ठेवायला.

तळाशी एक फोटो होता. तोंडाला रुमाल बांधलेला माणूस खिचडी घेतोय. देणाऱ्या बाईची बोटं सुटत आलेली, याने मात्र पाकीट धरूनच ठेवलंय आणि मान वळवून समोर बघतोय. ऊन नेमकं दोघांच्या हातांवर.

काय फोटो होता! मेली कुठून आणते हे, म्हणत तो जळफळला. मग त्याला शर्टाच्या खिशावरचं नाव दिसलं. त्याच्याच स्टुडिओचं.

स्टुडिओ बंद पडल्याचा तिसरा महिना होता तो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो सायकलवर पार चिकलठाण्याला, तिथल्या खिचडीच्या रांगेत गेला होता. घरी बायकोला सांगितलं, मित्राकडून आणली.

"हा कधी काढलास?"

सुकेशनी शिडीवरून खाली आली. फोटो बघून तिचा चेहरा उतरला.

"डब्यातच राहिला व्हय? भाऊ, कुणालाच दाखवला नाय मी. शपथ."

"रुमाल होता की तोंडाला. ओळखलंस कसं?"

तिने फोटोतल्या हातांवर बोट ठेवलं.

"पाकीट सोडलं नाय तुम्ही."

सुदर्शनने फोटो उजेडात धरून ते हात पुन्हा बघितले.

"पत्रिकेवरच्यापेक्षा लई भारी हाय हा," तो चिडूनच म्हणाला.

पिशवी त्याने पायाने बाजूला सारली. फोटो रिकाम्या फ्रेममध्ये घातला, काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि दोघांनी मिळून फ्रेम समोरच्या भिंतीवर चढवली. ती खिळ्यावर नीट बसली. सुकेशनीने हात काढला, त्याने काढला नाही.

"सोडा आता, भाऊ," ती हळूच म्हणाली.