तयार मासे

पुस्तकातला मासा समुद्राच्या तळाशी राहायचा. तिथे इतका अंधार, की आपला रंग कोणता हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. चित्रबाईंनी पुस्तक मिटलं आणि चटईवर दाटीवाटीनं बसलेल्या बालवर्गाला विचारलं, "मग? कोणत्या रंगाचा असेल तो?"

एकच कालवा झाला. जांभळा! ठिपक्यांचा! बाबांच्या शर्टासारखा!

बाईंनी कागद, स्पंज, जाड ब्रश वाटले. मुलांनी आधी अंधार करायला घेतला. निळ्यात हिरवा, हिरव्यात लाल, मग सगळ्यात सगळं. तास संपेपर्यंत कागद ओलेचिंब, फरशी चिकट आणि काहींचे कानसुद्धा निळे झाले. त्या काळपट रंगात मासे होते, बोटानं नाहीतर ब्रशच्या मागच्या टोकानं ओरखडलेले. जवळ गेलं की दिसायचे. बाई खूश होत्या.

तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. शाळा त्यांची, आणि त्या चित्रबाईंच्या सख्ख्या नणंद. घरी ताई, शाळेत मॅडम. चित्रबाईंची जीभ नेमकी रागाच्या वेळी घसरायची.

"हा चिखल उद्या भिंतीवर लावणार?"

"चिखल नाही ताई... मॅडम. समुद्राचा तळ आहे."

"उद्या पालक येणार आहेत. त्यांना मासा दिसला पाहिजे."

"दिसतो की. जरा वाकून बघायचं."

"पालक वाकत नाहीत गं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. चित्रबाईंना वाटलं, विषय संपला. चित्रं वाळल्यावर भिंतीवर लावून त्या घरी गेल्या.

सकाळी वर्गात पाऊल टाकलं तर भिंतीवरच्या प्रत्येक चित्राच्या बरोबर मधोमध एकेक चकचकीत नारिंगी मासा. जाड कागदाचे, एकाच मापाचे, सगळे डावीकडे तोंड करून हसणारे.

"काल मोठ्या बाई थांबल्या होत्या," झाडू मारणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या. "म्हटलं, बाईंना विचारा तरी. पण माझं कोण ऐकतंय!"

चित्रबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पालक जिन्यात पोचले होते. ओठ आवळून त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि हसल्या.

"किती गोड!" पालक फोटो काढत होते. "तुझा कुठला गं?"

दोन वेण्यांची एक मुलगी, जी वर्गात सहसा तोंड उघडायची नाही, आपल्या चित्राकडे बोट करून म्हणाली, "ह्यानं माझा मासा खाल्ला."

तिची आई हसली. "वेडाबाई, हाच तुझा मासा. बघ कसा हसतोय."

"माझा हसत नव्हता. तो झोपला होता." तिनं नारिंगी शेपटीखाली नख घातलं.

"फाडू नकोस! बाई रागावतील."

"मी नाही रागावणार," चित्रबाई म्हणाल्या. आपला आवाज एवढा मोठा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी ओला स्पंज आणला, कडा भिजवल्या आणि मासा अलगद सोलायला घेतला. पण डिंक पक्का होता. माशाबरोबर खालचा कागदही निघून आला. मुलीच्या माशाची फक्त शेपटी उरली, बाकी पांढरं भगदाड.

मुलीनं ते क्षणभर पाहिलं आणि भोकाड पसरलं. मग दुसरी रडली, तिसरा ओरडला, "माझापण काढा!" आणि एकजण चित्रावर दोन्ही हात आडवे धरून म्हणाला, "मला हाच आवडतो!"

मोठ्या बाईंनी पालकांना कसंबसं बाहेर नेलं. परत आल्या त्या दार लावूनच.

"सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडलंस."

"तुम्ही मुलांच्या चित्रांवर चिकटवलंत, ताई. न विचारता."

"चार वर्षांची पोरं! संध्याकाळपर्यंत विसरतात."

"तिला आठवलं की."

मोठ्या बाई छोट्याशा खुर्चीत अवघडून बसल्या. "दरवर्षी मुलं कमी होतायत. भिंत बघून लोक ठरवतात. मला काय हौस आहे?" त्यांच्या अंगठ्यावर कात्रीनं आलेला टपोरा फोड होता. तो पाहून चित्रबाई आणखीच वैतागल्या. आता धड रागावताही येईना.

दोघींचं घर एकच. तिथे चित्रबाईंच्या नवऱ्यानं दोघींची तोंडं पाहिली, "माझं मत मागू नका," म्हणाला आणि कपडे वाळत घालायला निघून गेला.

दोन दिवस अबोला. मग नणंदेनं निर्णय सांगितला: भिंत शाळेची, तिथे नीटनेटकं तेच लागणार. मुलांची चित्रं खाली, बूट ठेवायच्या फळीवर लावायची. तिथे कुणी हात लावणार नाही. चित्रबाईंनी मान डोलावली. मनातून पटलं नव्हतं, पण चित्रं वाचली होती.

पुढच्या तासाला चित्रबाई वेण्यांच्या मुलीजवळ बसल्या. "तुझा मासा परत काढूया?"

"नको. तो गेला."

"मग काय काढतेस?"

"गाडी. मोठी. मला काळा द्या."

काळ्याची बाटली तळाशी सुकली होती. चित्रबाईंनी चमच्यानं ती खरवडायला घेतली आणि बाहेर ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या शाळेत एक रंग धड मिळेल तर शपथ!"