माळकऱ्याचा पेला

“वाइन हाय का?” मी विचारलं.

दुकानदारानं आधी माझ्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली, मग मला. “मामा, पाटी वाचून इचारायलाव का? आवो, वाइन शॉपात वाइन कोन मागतंय? बिअर न्या.”

“बिअर न्हाई. वाइनच पायजे. अन् लय पायजे, मोठी पार्टी हाय.”

आमच्या गंगाखेडच्या साखर कारखान्यात पार्टी कुणाचीही असो, परभणीहून बाटल्या आणायच्या त्या मीच. बन्सीधर काटेवाला, म्हणजे उसाच्या गाड्या तोलणारा, आणि पक्का माळकरी. पिणाऱ्याला पाठवलं तर बाटल्या वाटेतच कमी व्हायच्या. माझ्या हातात कधी बूचसुद्धा हललं नाही. बाटल्या पोचवायच्या, आचारीण सुलाबाईनं बांधलेला शाकाहारी डबा घ्यायचा आणि घर गाठायचं. मग मागं पार्टी सुरू. घरी माझी बायको कोकिळा जेवायची थांबलेली असायची, त्यामुळं मला कधी काही वाटलं नाही. ती गेली आणि तो डबा एकट्याला गिळेनासा झाला.

आजची पार्टी माझ्याच निवृत्तीची होती. नवे साहेब म्हणाले होते, “या वेळी दारू बंद, मामांसाठी फक्त वाइन. द्राक्षाचाच तर रस, त्यानं माळ बाटत नाही. मामा, आज तुम्ही आमच्यात बसायचं.”

आता, माळ बाटते की नाही हे मला साहेबांनी शिकवायला नको. बाटतेच. पण ‘आमच्यात बसायचं’ हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बसायचं होतं.

दुकानदार स्टुलावर चढला, वरच्या फळीवरच्या बाटल्या काढून फडक्यानं धूळ झटकली. लाल, पांढरी, गुलाबी.

“कंची चांगली?”

“मला काय ठावं मामा! हितं कोन पितंय ती?”

मग पुण्याला राजेश्रीला फोन लावला. लेकीला असल्या गोष्टी कळतात.

“बाबा? तुम्ही आणि वाइन? कुणासाठी?”

“हाय एक मानूस. आजवर कदी पिला न्हाई.”

“मग गोड घ्या. तुरट असली तर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करील. आणि थंड करून द्या. बाबा, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करते.”

आज माझा शेवटचा दिवस आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. सांगून आठवण करून द्यायची, त्यात काय चव!

त्या दुकानात होती तेवढी गोड वाइन घेतली, उरलेली स्टेशनाजवळच्या दुकानातून. खोकी जीपमध्ये ठेवून वर ओली पोती टाकली, वाटेत पाणी मारत राहिलो. ड्रायव्हर शिवशंकर हसायला लागला. “मामा, लेकरू न्यायलाव का काय?”

घरी येऊन आंघोळ केली. लग्नात कोकिळेच्या बापानं घातलेली माळ आजवर कधी उतरवली नव्हती. ती काढली. कोकिळेच्या फोटोला घातली. “एकच घोट,” तिला म्हणालो, “मानसात बसून येतो.” तीच तर मागं लागायची, मानसात बसत जावा वो म्हणून. सदऱ्याचं वरचं बटण मुद्दाम उघडं ठेवलं.

शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग स्टीलच्या पेल्यांत वाइन ओतली. भांडारातल्या बालाजीनं घोट घेतला आणि बाजूला थुंकला.

“आरं, ह्ये तर खोकल्याचं औषद!”

कुणी सोडा घातला, कुणी लिंबू पिळलं. काही जमेना. शेवटी बालाजीनं गाडीच्या डिकीतून खरा माल काढला आणि मंडळी हसत-खिदळत खुर्च्या उचलून पलीकडच्या कडुलिंबाखाली गेली. साहेबही गेले. मीही माझी खुर्ची उचलली. दुसऱ्या हातात पेला होता, अजून तोंडाला लावायचा होता.

बालाजी पळत आला. त्याच्या मनात पाप नव्हतं, उलट मायाच होती. “मामा, तुमी कशाला तिकडं? मटन हाय, दारू हाय. तुमच्या गळ्यात माळ! उगं बाटायचं. सुलाबाईनं डबा बांधलाय, शिवशंकर घरी सोडंल.” बोलताना त्यानं माझ्या मोकळ्या गळ्याकडं बोट केलं.

“बरं,” मी म्हणालो. पेला भरलेला तसाच टेबलावर ठेवला, सदऱ्याचं बटण लावलं आणि डबा घेतला.

घरी येऊन हातपाय धुतले, फोटोची माळ काढून परत गळ्यात घातली. जेवायला बसलो तेवढ्यात राजेश्रीचा फोन आला.

“बाबा, त्या माणसाला आवडली का वाइन?”

“त्याला बसवलंच न्हाई गं कुनी,” मी म्हणालो आणि डबा उघडला.