दात बाईंच्या हातात होता

“दुधाचाच असेल, येईल दुसरा,” म्हणत वर्गबाईंनी तो दात रुमालात गुंडाळला.

मधल्या सुट्टीत सहावीतली अक्षता जिन्यावरून तोंडावर आपटली होती. राधामावशीने तिला बाकावर बसवून ओठावर बर्फ धरला होता. भटवाडीतल्या त्या शाळेत राधाची चोवीस वर्षं झाडलोट करण्यात, घंटा देण्यात आणि मुलांची ढोपरं धुण्यात गेली होती.

“बाई, अकरा वर्षांची आहे ती. समोरचा दात दुधाचा कसा असेल?”

“राधाबाई, आम्ही बघतो ना.”

राधाला चैन पडेना. गेल्या वर्षी शाळेत दातांचं शिबिर झालं होतं. डॉक्टर बोलत होते तेव्हा शिक्षक चहा घेत होते आणि राधा मुलांना चूळ थुंकायला तस्त धरून उभी होती. पक्का दात मुळासकट पडला तर तासाभरात बसवावा लागतो, अर्ध्या तासात बसला तर उत्तमच, हे तिने तेव्हा ऐकलं होतं.

ती अक्षतापुढे वाकली. “चक्कर येते गो? उलटीसारखं वाटतं? दात मिटून बघ. नीट बसतायत?”

अक्षताने आधी नाही म्हटलं, मग दात मिटून ‘हो’ अशी मान हलवली. डोक्याला लागलं नव्हतं, जबडाही शाबूत होता. म्हणजे हॉस्पिटल नको, पण दातवाला हवा, आणि तो आत्ता.

राधाने रुमाल मागून घेतला. मुळाला बोट न लावता तिने दात चावायच्या बाजूने धरला, नळाखाली जेमतेम भिजवला आणि स्टाफरूममधल्या दुधाच्या वाटीत सोडला.

मुख्याध्यापिकांनी फोन ठेवला. “आई अंधेरीला कामावर आहे. निघालीय. ती आल्याशिवाय मुलीला गेटबाहेर न्यायचं नाही.”

“तिला यायला तास लागेल, मॅडम.”

“नियम आहे, राधाबाई.”

घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती. पडून पंधरा मिनिटं झाली होती. राधा एकदा गेटपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिने वाटीतलं दूध दातासकट स्टीलच्या डबीत ओतलं, अक्षताचा हात धरला आणि रिक्षाला हात केला.

एलबीएस रोडवर रिक्षा अडकली. “भैया, चलो ना!” राधा चारदा ओरडली. शेवटी दोघी उतरून चालू लागल्या. अक्षता मुसमुसत होती. “मावशी, मॅडम ओरडतील तुला.”

“ओरडू दे. तू तोंड मीट.”

दातांच्या दवाखान्यातली मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली, “अपॉइंटमेंट? संध्याकाळी सातची आहे.”

“सातला काय करू? दात घेऊन आलेय मी!” राधाने डबी उघडून टेबलावर ठेवली.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी डबीत पाहिलं. “किती वेळ झाला?”

“पस्तीस मिनिटं.”

“आत आणा. आधी हिला घ्या.”

दवाखान्यातून शाळेला फोन गेला होता. अक्षताची आई, दीप्ती, धापा टाकत थेट तिथे आली तेव्हा दात बसवून शेजारच्या दातांना तारेने बांधून झाला होता.

“कोणाला विचारून आणलंत हिला?”

“कोणाला नाही,” राधा म्हणाली.

दीप्ती आणखी काही बोलणार होती. डॉक्टर म्हणाले, “तुमची वाट बघितली असती तर फार उशीर झाला असता. पुढे मुळाचा इलाज लागेल. टिकेल की नाही ते आत्ताच नाही सांगता येणार.” दीप्ती मटकन खुर्चीत बसली. राधाने तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तिला पत्र मिळालं. परवानगीशिवाय विद्यार्थिनीला बाहेर नेल्याबद्दल तिला वर्गांच्या मजल्यावरून काढून गेटवर बसवलं होतं. राधाने ते दोनदा वाचलं. “चुकलं म्हणून लिहून द्या, बघू काहीतरी,” मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या.

“ते नाही लिहिणार, मॅडम,” ती म्हणाली आणि पत्र मिळाल्याची सही करून खाली गेली.

दोन आठवड्यांनी शाळा भरताना अक्षता धावत गेटवर आली. बोटाने ओठ वर करत म्हणाली, “मावशी, काल तार काढली! हलतपण नाही, बघ ना.”

राधा चष्मा शोधू लागली. तेवढ्यात मागे स्कूलबसने हॉर्न दिला, आणि ती गेट उघडायला उठली.