आत्याबाईंचा हिरवा दिवा

मी एक जुना कंट्रोल पॅनेल आहे, आणि मित्रांनो, मी सांगतो ते तुम्हांला खरं वाटणार नाही. जनरेटरच्या छातीवर बसून मी नऊ वर्षं एक घर सांभाळलं. आता भंगारवाल्याच्या शेडमध्ये, आमच्याच बॅटरीला टेकून पडलो आहे.

माझं तोंड साधं. तीन दिवे आणि एक फिरवायचं बटण. मला मागच्या भिंतीशी बसवलं, तेव्हा आत्याबाई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. त्यांच्या नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी. वीज गेली की ते मशीन थांबणार, म्हणून तर मला आणलं.

“हिरवा म्हणजे तयार. पिवळा म्हणजे तेल बघा. लाल म्हणजे बिघाड. बटण कायम ऑटोवर,” मेकॅनिक म्हणाला.

“कळलं, कळलं,” भाचा म्हणाला.

“याला शाळेतही असंच कळायचं,” आत्याबाई म्हणाल्या. “आणि एकही दिवा नसेल तर?”

“तर बटण बंदवर आहे. मग वीज गेली तरी हा ढिम्म हलणार नाही.”

पण माझा रुबाब बघायला हवा होता. एकदा वादळाने विजेचे खांब काडीसारखे मोडले. मी अकरा दिवस इंजिन पळवलं. आठव्या दिवशी डिझेल संपलं. पुढचे तीन दिवस ते नुसत्या माझ्या दराऱ्यावर चाललं.

दर रविवारी अकरा वाजता मी इंजिन दहा मिनिटं आपणहून चालवून बघायचो. नेमका तेव्हाच आत्याबाईंचा डोळा लागायचा. भाचा मोठा मायाळू. झोपमोड नको म्हणून तो बटण बंदवर न्यायचा आणि जेवणाआधी परत ऑटोवर. आत्याबाई उठल्या की पहिला प्रश्न, “फिरवलंस का रे?”

“हो, आत्या.”

पुढेपुढे ते ‘हो’ जिभेवर इतकं बसलं, की हात हलला नाही तरी यायचं. माझ्यासमोर दोरी बांधून चादरी वाळत पडू लागल्या. आत्याबाईंना खिडकीतून दिसणारा माझा हिरवा दिवा त्यांच्याआड गेला.

मग तो सोमवार. भाचा कामावर, घरात आत्याबाई एकट्या. भर दुपारी वीज गेली. दहा मोजायच्या आत मी इंजिनाला असा दम भरला, की मशीनचा एक श्वासही चुकला नाही. आत्याबाई खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “जगवलंस रे लेकरा.” म्हणून सांगतो मित्रांनो, रोज एकदा तरी आमच्या तोंडाकडे...

“पुरे,” बॅटरी म्हणाली. “त्या सोमवारी मी काठोकाठ भरलेली होते. टाकीत डिझेल होतं, इंजिन धडधाकट होतं. संध्याकाळी भाचा दार उघडेपर्यंत मी तुझ्या हाकेची वाट बघत होते. तुझं बटण आदल्या दिवसापासून बंदवर होतं. आणि आत्याबाईंनी उठल्या उठल्या विचारलंही होतं.”