चौसष्ट नंबरचं गाव

दर सोमवारी अकराच्या सुमारास आमचं सॉफ्टवेअर मान टाकायचं आणि पुष्कर सर म्हणायचे, ‘‘अगं नंदिनी, पण होतं ना आपोआप चालू?’’

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आपोआप चालू होतं म्हणून कोणी चक्कर येऊन पडलेल्या माणसाला तसंच सोडतं का? का पडला ते बघायला नको?

नागपूरच्या प्रताप नगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची लहानशी कंपनी आहे. पुष्कर सर मालक, मी आणि गौरांग इंजिनिअर. धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्याला आम्ही टोकनची व्यवस्था करून दिली होती. पेशंटला काउंटरवर नंबर मिळतो, मोबाइलवर लिंक येते. ती उघडली की आत कितवा नंबर सुरू आहे ते दिसतं. बाकड्यावर ताटकळत बसायचं काम नाही. हे सगळं चालतं क्लाउडवर, कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे एकेक काम सांभाळणारी बंद पेटी, आणि अशा पेट्यांचा कारभार म्हणजे क्लस्टर. एखादी पेटी मेली की क्लस्टर तिच्या जागी लगेच नवी उभी करतो. सोय झकास. पण मेलेली पेटी आपल्या नोंदी, म्हणजे लॉग, सोबत घेऊन जाते. नवी येते ती कोरी करकरीत. तिला काय विचारणार, कप्पाळ?

शेवटी दवाखान्याच्या मॅनेजर कामिनीताईंचा फोन आला. ‘‘पाह्य नंदिनी, येत्या सोमवारी पुन्हा बंद पडलं तर मी सरळ शिपायाले दारात उभा करतो अन् नंबर पुकारायले लावतो. पेशंट माह्या अंगावर येऊन राहिले.’’

आमचं मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच. ते गेलं तर दोघांना ठेवणं जमणार नाही, हे पुष्कर सरांनी चहा पिता पिता, फार वाईट वाटून सांगितलं. गौरांग आधीपासूनचा. म्हणजे जाणार मी. आणि नागपुरात नोकरी नाही म्हटल्यावर पुन्हा पुणं.

पुण्याशी माझं भांडण नाही. चांगली नोकरी होती, खोली होती, खोलीत मी होते. एवढंच होतं. गेल्या वर्षी नागपुरात, बेसा भागात आईबाबांकडे परत आले तेव्हा पहिल्या सकाळी बाबांशी पेपरवरून भांडण झालं आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मला पुन्हा जायचं नव्हतं. मुळीच नव्हतं.

मी कामाला लागले. प्रत्येक सर्व्हरवर एक गोळा करणारा प्रोग्राम बसवला. पेटी जे लिहील ते त्याने लगेच उचलायचं आणि क्लाउडवर वेगळ्या जागी नेऊन ठेवायचं. पेटी मरो की जगो, नोंद राहणार. दुसरीकडे मेमरी किती लागते, किती लोक पान उघडतात, याचे आलेख लावले. आणि काही बिनसलं की आमच्या फोनवर घंटा.

घंटांचा मात्र मी अतिरेक केला. गौरांग चहाचा कप उचलायचा की घंटा. खाली ठेवायचा की घंटा. पुष्कर सर बँकेत असताना त्यांचा फोन असा केकाटला की रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं.

‘‘काय लावलं वं हे?’’ गौरांग वैतागला. ‘‘सारंच बोंबलत असलं तर खरी बोंब कोणती ते कसं समजंल?’’

बरोबर होतं त्याचं. मी त्याला तसं म्हटलं नाही. मुकाट्याने बाकीच्या काढल्या आणि अगदी निकडीच्या तेवढ्या ठेवल्या.

सोमवारी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन थेट दवाखान्यातच, कामिनीताईंच्या केबिनमध्ये बसलो. सोमवार हा तिथे बाहेरगावच्या पेशंटचा दिवस. काटोल, आर्वी, उमरेड, कुठून कुठून पहाटेच्या बसने माणसं येतात. काचेपलीकडे हॉल गच्च भरला होता. कामिनीताईंनी पोहे मागवले, वर तर्री. चांगलं वागवत होत्या, पण शिपाई दाराशी हजर ठेवला होता.

अकरा वाजायला आले आणि घंटा झाली. पान उघडणाऱ्यांचा आलेख सरळ वर चढायला लागला. पाठोपाठ मेमरी.

‘‘हल्ला होऊन राहिला!’’ गौरांग पोह्याची बशी ठेवून उठला. ‘‘बाहेरून कोणीतरी मशीन लावली असंल.’’

मी लॉग उघडला. आता तो हाताशी होता! ओळीमागून ओळी धावत होत्या आणि बहुतेक प्रत्येक ओळीत एकच टोकन : चौसष्ट. चौसष्ट. चौसष्ट. शेकडो वेगवेगळ्या फोनवरून एकाच पेशंटचं पान कोणीतरी सारखं उघडत होतं. माणूस काही एवढ्या फोनवरून आपला नंबर बघत नाही. माझं डोकं तापलं. कोण मेला माझ्या मुळावर उठला म्हणून मी ते टोकन सरळ अडवून टाकलं.

आलेख धपकन खाली. मेमरी शांत. गौरांगने टाळी दिली. मी पोह्याचा मोठा घास घेतला.

घास गिळायच्या आत हॉलमध्ये आरडाओरडा सुरू झाला. कामिनीताई धावत गेल्या आणि तशाच परत आल्या, सोबत एक उंच, काठी टेकत चालणारे म्हातारे गृहस्थ. त्यांच्या खिशातला फोन थांबायचं नाव घेत नव्हता.

‘‘हे रुपरावजी. काटोलकडचे,’’ कामिनीताई म्हणाल्या. ‘‘यांचं टोकन कोणी बंद केलं?’’

‘‘चौसष्ट?’’ मी विचारलं.

‘‘हो ना पोरी,’’ रुपरावजी म्हणाले. ‘‘मी तं इथं बसून आहो. पण गावात पोट्ट्यांना दिसून राहिलं, टोकन नाही म्हणून. त्यांना वाटलं, बुढा दवाखान्यातच गेला! पुतण्या मोटारसायकल काढून निघालाही.’’

‘‘गावात काहून दिसंल? लिंक तर तुमच्या फोनवर आहे,’’ गौरांग म्हणाला.

‘‘मंग? मी टाकली ना गावच्या ग्रुपवर. नागपूरले दवाखान्यात गेलं का सारे इचारत राहतेत, नंबर लागला काय, नंबर लागला काय. किती जणाले सांगू? म्हटलं, घ्या, तुम्हीच पाह्यत बसा.’’

रुपरावजींनी उभ्या आयुष्यात गावच्या दोन पिढ्यांना कबड्डी शिकवली होती. गुडघा त्यांचा, पण काळजी गावाची. आणि असे रुपरावजी दर सोमवारी कोणी ना कोणी असणारच. बाहेरगावचा पेशंट एकटा कधी येतो? सोबत येतात ते चार, उरलेलं गाव मोबाइलवर. हे मी, इथलीच पोरगी असून, विसरले होते. आम्ही हिशेब धरला होता एका टोकनला एक फोन. पान उघडलं की दर वेळी पेटी सगळी रांग पहिल्यापासून मोजायची. गाव बघायला बसलं की मोजता मोजता तिची मेमरी संपायची.

‘‘आता काय करतं?’’ कामिनीताईंनी विचारलं. ‘‘शिपायाले सांगू?’’

‘‘थोडा वेळ द्या,’’ मी म्हटलं. पुणं अगदी समोर दिसत होतं.

रुपरावजींनी गावाला फोन लावून मी जिता आहो म्हणून ठणकावून सांगितलं आणि आमच्याच शेजारी खुर्ची ओढून बसले. मी बदल लिहिला : रांग दर काही सेकंदांनी एकदाच मोजायची आणि तेच उत्तर सगळ्यांना वाटायचं. गौरांगने तपासलं, एक चूक काढली, मी त्याच्यावर खेकसले, मग चूक दुरुस्त केली. नव्या पेट्या उभ्या राहिल्या. मी चौसष्ट नंबर मोकळा केला.

गाव परत आलं. आलेख चढला, मघापेक्षाही वर. आम्ही मेमरीच्या रेषेकडे बघत बसलो. ती हलली नाही.

‘‘पडलं का?’’ रुपरावजींनी विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

चौसष्ट नंबर लागला. रुपरावजींच्या फोनमधून गावातला जल्लोष केबिनभर ऐकू आला. कामिनीताईंनी शिपायाला त्याच्या जागेवर पाठवलं आणि मला म्हणाल्या, ‘‘पेशंट बाहेर आला तेही त्या पानावर दिसू दे. नाहीतर हे लोक मले फोन करतीन. पुढच्या महिन्यात करून दे.’’

पुढच्या महिन्यात! म्हणजे मी होते पुढच्या महिन्यात.

हळूहळू चौसष्टच्या ओळी कमी झाल्या. लॉग निवळला, आणि तेव्हा खाली दबलेलं दुसरं एक टोकन दिसलं. शून्य. सकाळपासून पन्नासेक फोन ते उघडत होते. शून्य नंबरचा पेशंट नव्हताच. ते माझं चाचणीचं टोकन होतं. आपण काय काम करतो ते कळावं म्हणून आदल्या आठवड्यात मी त्याची लिंक फक्त बाबांना पाठवली होती.

मी केबिनबाहेर येऊन फोन लावला. ‘‘बाबा! ती लिंक कोणाले दिली तुम्ही?’’

‘‘बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली ना.’’

‘‘कायले? आज आधीच जीव खाऊन राहिलं होतं सिस्टम! तुम्हीच पाडायले बसले होते काय?’’

‘‘तूच म्हटलं ना काल, सिस्टम पडलं तं मले पुण्याले जा लागंल. म्हणून सारे पाह्यत होतो, पान उघडते का नाही ते. मधातच गोल गोल फिराले लागलं तं आई तुही बुद्धापुढं दिवा लावून बसली. आता उघडून राहिलं ना वं?’’

‘‘उघडून राहिलं, बाबा.’’

पलीकडे त्यांनी फोन तोंडापासून दूर धरला असावा. ‘‘पोट्टी इथंच राहते गा!’’ असं ते कोणाला तरी ओरडून सांगत होते, आणि मग एकदम बऱ्याच जणांचा आवाज आला.