बातम्या सुएझच्या, पाणी बोडीचं

मी गुणवंतरावांच्या ओसरीतला रेडिओ बोलतोय. वडशाजवळच्या या खेड्यात मी एकटाच. बॅटरीवर चालतो, म्हणून फक्त बातम्यांपुरता लागतो.

सुरुवातीला सारं गाव माझ्यापुढं बसायचं. मालकांचा धाकटा भाऊ लटारू तर अगदी पुढं. मग छप्पन्नच्या उन्हाळ्यात बोडीतल्या, म्हणजे शेताच्या लहान तळ्यातल्या, मासोळीच्या वाट्यावरून भावाभावांचं बिनसलं. एवढ्याशा मासोळीवरून! तेव्हापासून लटारू कुंपणापलीकडं उभा राहून ऐकायचा.

दिवाळीच्या सुमारास सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला झाल्याची बातमी मी दिली. मालक छाती काढून समजावत.

"आपला देश म्हनते, परकी फौज माघारी जावी, बाकी तंटा बसून बोलून मिटवा. इस्रायलले आपन मान्यता देली, पन राजदूत नाई धाडला."

"म्हंजे तुमच्यासारखंच," मालकीणबाई वच्छलाबाई म्हणाल्या. "भाऊ म्हनता, पन बोलत नाई. भाऊजीचा धान वाळून राह्यला. बोडीची पार फोडा ना!"

"पहिले त्यानं इथी येऊन चुकलो म्हनावं."

उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी हवं होतं. बोडी दोघांची, पण तिची पार, म्हणजे बांध, पहिल्यांदा थोरल्यानंच फोडायची, हा घरचा रिवाज. वच्छलाबाई कुंपणाशी गेल्या.

"भाऊजी, तुमीच फोडा."

"नाई वहिनी. दादाचा हात लागल्याबिगर मी पान्याले हात नाई लावत."

मी हे ऐकत होतो. वच्छलाबाई सांगायला लागल्या की मालक उठून जात. हजारो कोसांवरचं माझ्या तोंडून निघायचं, पण पाच हातांवरचं एक वाक्य मला आत पोचवता येईना. याची खंत अजून जात नाही.

पुढं बातमी आली, आपले जवान शांततेसाठी दोघांच्या मधे उभे राहायला तिकडं पोचले. मालक दुसऱ्याच सकाळी कुदळ घेऊन गेले, पार फोडली. पाणी भावाच्या धानाच्या बांधीत भरलं, पण लोंब्या केव्हाच पोचट झाल्या होत्या. लटारू दादाच्या पाया पडला आणि बायकोला घेऊन रेल्वेनं कामाला निघून गेला.

त्याला दोन वर्षं झाली. आपले जवान अजून तिथं वाळूत उभे आहेत. माझा आवाज घोगरा झालाय, ओसरीत फारसं कोणी येत नाही. बाबांनो, माझं ऐका, पण शेजारच्याचं आधी ऐका.

मालक मात्र संध्याकाळी माझा आवाज पुरता चढवतात, कुंपणापलीकडं जाईल एवढा.